बुडीकाकूंचा दम

छत्रीबागेतल्या त्या गल्लीत कुणाची कळशी बावडीत पडली, तर गळ कुणी शोधत नसे. सगळे बुडीकाकूंना शोधत. गळाचं काय, लागला तर लागला, नाहीतर दोराचा गुंता सोडवत बसा. काकूंचं तसं नव्हतं. तव्यावरची पोळी उतरवायची, हात धुवायचे, लुगड्याचा काष्टा घट्ट मारायचा आणि चालायला लागायचं. जाताना एकच प्रश्न, "तांब्याची की पितळेची?" पितळ पाण्यात चमकतं आणि तांबं लपून बसतं, असं त्यांचं म्हणणं. खरंखोटं त्यांनाच ठाऊक, पण रिकाम्या हाताने वर आलेल्या काकू कुणी पाहिल्या नव्हत्या.

खरं नाव यशोधरा मुळ्ये. माहेर महेश्वरचं. वडील देवस्थानच्या कचेरीत आणि घर घाटाला लागून, त्यामुळे ही मुलगी आधी चालायला शिकली की पोहायला, यावर माहेरी शेवटपर्यंत वाद होता. नर्मदेत यात्रेकरूंचे लोटे पडायचे, अंगठ्या निसटायच्या. एकदा तर एका शास्त्रीबुवांची कवळी हिने तळातून काढून दिली होती आणि बुवांनी ती तिथेच खळखळून धुऊन तोंडात बसवून आशीर्वाद दिला होता. अशी मुलगी लग्न होऊन आली कुठे, तर इंदूरला! इथली नदी उन्हाळ्यात म्हशीला पुरत नाही. सासरी तसं सगळं होतं. सासूबाईंची भांडी, सासूबाईंचे देव, सासूबाईंचं लोणचं, सासूबाईंचं मत. पुढे सासूबाई गेल्या आणि भांडी, देव, लोणच्याची बरणी सगळं काकूंच्या हाती आलं. तरी काकूंना मनातून वाटायचं, आपलं म्हणावं असं या घरात एकच आहे, आपल्या छातीतला दम. तेवढा कुणाकडून आला नाही आणि कुणाला देता येत नाही.

बावडी गल्लीच्या मागेच होती. एका अंगाने दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरत आणि पाण्याखालीही उतरतच जात. भिंतीला लोखंडी साखळी. काकू पहिल्यांदा तिथे उतरल्या तेव्हा गल्लीतली पोरं घाबरून रडायला लागली होती. समोर राहणारे बाबूराव मास्तर पेन्शनीत निघालेले, पण त्यांची छडी अजून पेन्शनीत निघाली नव्हती. ते ओरडले, "रडता काय, बैलांनो! पाढे म्हणा! बाविसापासून!" तेव्हापासून रिवाजच पडला. काकूंचं डोकं पाण्याखाली गेलं की काठावर सुरात सुरू, बावीस एके बावीस, बावीस दुणे चव्वेचाळीस. सत्ताविसाचा पाढा संपता संपता काकू वर. घड्याळ कुणाकडे नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. त्या गल्लीतल्या पोरांचे बाविसाचे पाढे इतके पक्के होते की शाळेत नवीन आलेल्या मास्तरांना संशय यायचा.

सत्तावीसच का? तर पाहुण्यामुळे. श्वास बराच वेळ धरला की पोटाच्या वरच्या अंगाला, बरगड्यांच्या खाली, आपोआप एक उचकी बसते. आधी हलकी, मग जोरात, मग धडाधड. काकूंचे वडील त्याला पाहुणा म्हणत. "पोरी, पाहुण्याने एकदा दार वाजवलं की हातातलं काम आवरायला घ्यायचं. दुसऱ्यांदा वाजवलं की उठायचं. तिसऱ्यांदा वाजवायची वेळ त्याच्यावर आणायची नाही." काकूंनी हा नियम जन्मभर पाळला होता. दम मोठा असणं वेगळं आणि दमाची मस्ती येणं वेगळं.

मस्ती कशी आली, ते आता ऐका.

काकूंचे यजमान शरच्चंद्रराव. होळकरांच्या कचेरीत कारकून होते. संस्थान गेलं, मध्य भारत आला, तसे तेही पेट्या-दप्तरांबरोबर नव्या सरकारात आले. पण या सरकारच्या राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. दिवाळीच्या आगेमागे शरच्चंद्रराव फायलींच्या पेट्या मोजत आगगाडीत चढायचे आणि उन्हाळा लागला की त्याच पेट्या मोजत परत यायचे. काकू म्हणायच्या, "आमचं लग्न निम्मंच झालंय." मूलबाळ नव्हतं, म्हणून घर हलवण्यात अर्थ नव्हता. माणूस सरळ, चष्मेवाला, मोजकं बोलणारा. आणि पाण्याशी त्यांचा संबंध आंघोळीच्या तांब्याइतकाच. पोहणं सोडा, बावडीच्या ओल्या पायरीवरही ते भिंत धरून उभे राहत.

त्या वर्षी चैत्रात ते परत आले, ते एकटे नाही. बरोबर तुकोगंजात राहणारे त्यांचे साहेब. एकाच टांग्यात आले, म्हणून शिष्टाचाराने "चहा घेऊन जा" म्हणून झालं आणि साहेब खरंच उतरले. बघतात तर घराला कडी.

शेजारच्या शारदाबाई दारातूनच ओरडल्या, "अहो भाऊजी, काकू तो बावडीत आहेत ना! माझी देगची गिर गई सकाळी. बस, निकालतच असतील!"

साहेबांना उत्सुकता. दोघं बावडीवर गेले. काठावर पोरं पंचविसाच्या पाढ्यात रंगलेली. शरच्चंद्रराव एकदम भिंतीला टेकून गप्प झाले. सत्तावीस होता होता पाणी फुटलं आणि देगची डोक्यावर पालथी घातलेल्या काकू वर आल्या. साहेब टाळ्या वाजवून म्हणाले, "भाभीजी, कमाल है!" आणि शरच्चंद्ररावांचा चेहरा असा जांभळा, की काकूंना वाटलं, आता हे रागाने फुटणार.

फुटले नाहीत, पण चहा झाल्यावर, साहेब गेल्यावर बोलले.

"हे आता बंद व्हायला पाहिजे."

"काय?"

"बुडी."

"का म्हणून?"

"साहेब काय म्हणाले असतील?"

"कमाल है म्हणाले. मी स्वतः ऐकलं."

"ते तोंडावर. सेक्रेटेरियटमधल्या माणसाच्या बायकोने ओलंचिंब होऊन लोकांच्या देगच्या काढायच्या? शोभतं का?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं शोभत होतं ते आजच कसं अशोभनीय झालं? "माझ्यासारखा दम कुणाचा असेल तर दाखवा," त्या म्हणाल्या, "मग बंद करते."

आणि उचलली जीभ लावली टाळ्याला असं झालं. कारण शरच्चंद्रराव शांतपणे म्हणाले, "माझा आहे. ग्वाल्हेरला आमच्या मेसमध्ये एक योगाभ्यासी गृहस्थ आहेत. त्यांच्याकडून भस्त्रिका आणि कुंभक शिकलोय मी."

काकू हसल्या. ते हसणं अंगाशी आलं. शरच्चंद्ररावांनी न्हाणीघरातलं तांब्याचं गंगाळ भरून अंगणात आणलं, पाटावर मांडी घातली, आणि लोहाराच्या भात्यासारखा फुसफुस श्वास सुरू केला. पोट आत, पोट बाहेर, आत, बाहेर. मग एक दीर्घ श्वास, आणि तोंड गंगाळात. बाबूराव मास्तर पाढे म्हणायला तयारच होते. बावीस गेला, चोवीस गेला, सव्वीस गेला. काकूंचं हसू पंचविसालाच मावळलं होतं. अठ्ठाविसाच्या पाढ्याला शरच्चंद्ररावांनी डोकं वर काढलं. दाढीवरून पाणी गळतंय आणि वर म्हणतात काय, "उचकी-बिचकी काही येत नाही मला."

मग ठरलं. वैशाखातला पहिला रविवार, सकाळ, बावडी. काकू पाण्याखालच्या पायरीवर साखळी धरून बसणार, शरच्चंद्रराव वरच्या पायरीवर गंगाळ घेऊन. काकू हरल्या तर बुडी कायमची बंद. जिंकल्या तर शरच्चंद्रराव त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढणार नाहीत. गल्लीत तर सणच आला. सगळ्यांचा कौल काकूंकडे, पण काकूंना स्वतःला झोप येईना. अठ्ठावीस! आपण सत्तावीस. एका पाढ्यासाठी आपलं एवढं एकच जे आहे ते जाणार?

आणि इथे, ज्या बाईने जन्मभर पाहुण्याचा मान ठेवला, तिने चोरी केली. सकाळी शरच्चंद्रराव देवघरात भस्त्रिका करायचे, तेव्हा काकू स्वयंपाकघराच्या दाराआडून बघायच्या. मग ते दफ्तरात गेले की चुलीपुढे बसून तेच करायच्या. फुस, फुस, फुस. पहिल्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, डोकं हलकं हलकं झालं. त्यांना वाटलं, हाच तो योगाचा प्रभाव. मग श्वास धरून बघितला, तर काय आश्चर्य! पाहुणा आलाच नाही. केव्हाच यायला हवा होता, पण दार कुणी वाजवेना. आला तो फार उशिरा, आणि तोही दबकत. काकू चुलीपुढे एकट्याच टाळी वाजवून म्हणाल्या, "बघ लेका! वाटेतच अडवलं की नाही तुला?" आयुष्यभराची शिस्त चार दिवसांत गेली. शहाण्या माणसाला वेड लागलं की ते वेड्यापेक्षा जास्त लागतं, ते असं.

रविवारी पायऱ्यांवर तीळ ठेवायला जागा नव्हती. शारदाबाईंनी तर भुट्ट्याचा कीस करून आणला होता, बघता बघता खायला. शरच्चंद्रराव वरच्या पायरीवर गंगाळापुढे बसले. काकू कमानीच्या आडोशाला गेल्या, गुपचूप भाता मारून घेतला, मुंग्या येईपर्यंत मारला, आणि खाली उतरल्या. जाताना नवऱ्याकडे एकदा बघितलं. शरच्चंद्ररावांनी चष्म्यातून असं काही बघितलं की रागच समजावा. मास्तरांची छडी पडली. दोघांनी श्वास घेतला. बावीस एके बावीस!

पाण्याखाली गार होतं आणि हिरवट उजेड होता. तोंडाला गार पाणी लागलं की काकूंच्या छातीतले ठोके नेहमीच सावकाश होत. धप्प... धप्प... मधल्या अंतरात एक पोळी लाटून व्हावी. वरून पाढे ऐकू येत होते, दुसऱ्याच्या घरातल्या जात्यासारखे. चोवीस. पंचवीस. एरवी पहिली टकटक इथेच कुठेतरी व्हायची. नाही झाली. सव्वीस. सत्तावीस. काहीच नाही. इतकं सोपं कधीच नव्हतं! काकूंना पाण्याखाली हसू आलं. पाहुणा आज गावालाच गेलाय. अठ्ठावीस. अंगात ऊब पसरत होती, साखळी हातात आहे की नाही तेही जाणवत नव्हतं, आणि नवल म्हणजे त्याची काळजीही वाटत नव्हती. उजेड जवळ येतोय असं वाटलं. महेश्वरचा घाट. वडील पायरीवर बसून काहीतरी सांगताहेत. एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे...

मग त्यांच्या पाठीत कुणीतरी धपाटे घालत होतं.

तोंडाखाली दगड होता, नाकातून पाणी येत होतं, छाती फाटत होती, आणि सगळी गल्ली एकदम ओरडत होती. काकू खोकल्या, ओकल्या, पुन्हा खोकल्या. डोळे उघडले तर समोर शरच्चंद्रराव. सदऱ्यासकट भिजलेले, चष्मा नाही. काकूंच्या तोंडून पहिला शब्द काय यावा?

"कितीचा पाढा?"

बाबूराव मास्तर धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, "एकोणतीस ओलांडले वहिनी. जिंकलात. आग लागो त्या पाढ्यांना."

मधलं सगळं काकूंना मग शारदाबाईंनी सांगितलं, निम्मं मराठीत आणि निम्मं हिंदीत, रडत आणि कीस भरवत. शरच्चंद्ररावांनी सत्तावीस संपताच गंगाळातून डोकं काढलं. लोक हसले, "हार गए, हार गए!" ते हसले नाहीत. चष्मा चढवून पाण्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, थांबवा." मास्तरांना वाटलं, हरलेला माणूस डाव मोडायला बघतोय. "आता कसलं थांबवता राव?" पोरं आणखी जोरात म्हणायला लागली. अठ्ठावीस झाले. "थांबवा म्हणतो ना! तिचा दम संपलाय!" कुणी लक्षच देईना. पाणी तर शांत, काकू तर पट्टीच्या, घाबरायचं कशाला? तेव्हा या माणसाने भिंतीची साखळी धरली आणि चालायला लागला. पोहता येत नव्हतं, पण पायऱ्या उतरता येत होत्या. गुडघ्याइतकं, कमरेइतकं, गळ्याइतकं, आणि मग डोकं दिसेनासं झालं. "मैं तो बोली, गए दोनों के दोनों," शारदाबाई म्हणाल्या. काकूंचा हात साखळीवरून सुटला होता आणि त्या दोन पायऱ्या खाली घसरल्या होत्या. शरच्चंद्ररावांनी एका हाताने त्यांचा अंबाडा धरला आणि दुसऱ्या हाताने साखळी धरून, आले होते तसे, एकेक पायरी चढत वर आले.

दुपारी टांगा करून तुकोगंजात डॉक्टर शंकररावांकडे नेलं. हे डॉक्टर मोठे बोलघेवडे. नाडी बघितली, छाती ऐकली, आणि सगळी हकीगत ऐकल्यावर कपाळाला हात लावला.

"वहिनी, तुमच्या घरात चूल आहे ना? दार-खिडकी लावून चूल पेटवली, तर आधी काय कळतं? लाकडं संपत आली ते, की धूर साचला ते?"

"धूर."

"बस्स. शरीराचं तसंच. श्वास धरला की आतली चांगली हवा संपत जाते आणि वापरलेली साचत जाते. चांगली संपते ते मेंदूला चटकन कळत नाही. साचलेली कळते. मग तो घंटा वाजवतो. तुमचा तो पाहुणा म्हणजे ती घंटा. तुम्ही भाता मारमारून सगळा धूर आधीच बाहेर काढून टाकलात. त्याने लाकडं काही वाढली नाहीत. ती होती तेवढीच. फक्त धूर नाही, म्हणून घंटा नाही. घरातली सगळी निवांत, आणि चूल विझली."

काकूंना एकदम वडील आठवले, पाहुण्याला ताटकळत ठेवू नये म्हणणारे. त्यांचे डोळे भरून आले.

"शरीर बिचारं शहाणं असतं हो," डॉक्टर पुढे म्हणाले. "तोंडाला गार पाणी लागलं की हृदय आपणहून सावकाश चालतं, हातापायांचं रक्त आत ओढून घेतं, का, तर मेंदूला कमी पडू नये. हातपाय थोडा वेळ उपाशी राहतील. मेंदू नाही राहत. तो आधी खुळ्यासारखा खूष होतो, आणि मग दिवा जातो. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी कितीही हुशार असतो तरी उपयोग नव्हता." मग शरच्चंद्ररावांकडे वळून म्हणाले, "भस्त्रिका वाईट नाही. पाटावर बसून करा. पाण्यात तोंड घालायच्या आधी नको, मग ती बावडी असो की गंगाळ. तुम्हीही थोडक्यातच वाचलात."

शरच्चंद्ररावांनी त्या दिवसापासून भाता बंद केला. पाटावरचाही.

आता बघा गंमत. काकू जिंकल्या होत्या. करार करारासारखा झाला होता, साक्षीला सगळी गल्ली होती. पण जिंकलेली बाई बोलेना. नवरा रागावला असता, भांडला असता, तर दोन हात करता आले असते. ते काहीच म्हणत नव्हते. भाजीत मीठ जास्त झालं तरी जेवत होते. शारदाबाईंची कळशी पुन्हा पडली, तेव्हा काकू दारातूनच म्हणाल्या, "गळ आणा कुणाकडून तरी." गल्लीत ही बातमी एखाद्याच्या मरणासारखी पसरली. काकूंना पाण्याची भीती वाटत नव्हती. भीती स्वतःची वाटत होती. आतल्या पाहुण्याशी आपण लबाडी केली, आता तो खरं बोलेल कशावरून? जे एक आपलं होतं, तेच आपण नासवून बसलो, असं त्यांच्या मनाने घेतलं.

इकडे शरच्चंद्ररावांची चष्म्यावाचून त्रेधा. चष्मा बावडीतच राहिला होता. फायलीला नाक लावून वाचायचे, दाराच्या चौकटीला धडकायचे, एकदा दूधवाल्याला साहेब समजून नमस्कार करून मोकळे झाले. तो म्हणाला, "अरे भिया, अपने को क्यों शर्मिंदा करते हो?" नवा चष्मा करायला बाजार काही लांब नव्हता. पण करीनात.

एके दिवशी सकाळी न्याहारी झाल्यावर ते म्हणाले, "यशोधरा, माझा चष्मा खाली आहे."

"नवा करून घ्या ना."

"त्याचीच सवय आहे मला."

काकूंनी बशा उचलल्या.

"आज पाणी निवळ आहे," शरच्चंद्रराव म्हणाले. "मी बघून आलोय." ज्या माणसाला हातभरावरचं दिसत नव्हतं, तो पाणी निवळ आहे म्हणून बघून आला होता! काकूंनी मान खाली घालून काष्टा मारला.

बावडीवर गर्दी नव्हती. चारदोन पोरं आणि मास्तर, तेही छडीवाचून. काकूंनी भाता-बिता काही मारला नाही. घरी घेतो तसा साधा श्वास घेतला आणि उतरल्या. मास्तरांनी हळूच सुरुवात केली, बावीस एके बावीस. पाणी खरंच निवळ होतं. चष्मा पाचव्या पायरीवर, कुणी वाचता वाचता काढून ठेवावा तसा ठेवलेला. तो पदरात खोचत असतानाच बरगडीखाली हलकी टकटक झाली. पाहुणा! काकूंना इतका आनंद माहेरचं माणूस आलं तरी झाला नसता. त्यांनी त्याला जराही ताटकळत ठेवलं नाही. तशाच उठल्या आणि वर आल्या.

एरवी त्या सत्ताविसाला वर यायच्या, तेही तोंड भिंतीकडे करून, डोळ्यांतलं पाणी निपटत. वर आल्यावर आधी वस्तू दाखवायची, मग लोकांचा गलका. त्या दिवशी चोविसाचा पाढा अजून चालू होता, आणि पायऱ्यांकडे तोंड करून आल्या. समोर शरच्चंद्रराव दिसले.

ते गुडघाभर पाण्यात उभे होते. एक हात साखळीवर. डोळे गच्च मिटलेले, गाल फुगलेले, आणि चेहरा तोच, साहेबांच्या वेळचा, जांभळा. पोट मधूनच उचकी दिल्यासारखं हलत होतं. त्यांच्या पाहुण्याने दार फोडायचंच बाकी ठेवलं होतं. काकू वर आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. पोरं पाढा म्हणत होती आणि हा माणूस श्वास धरून उभा होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "सोडा!"

"आलीस?" असं म्हणून त्यांनी जो श्वास सोडला, तो ऐकून मास्तरांचा पाढा थांबला.

काकू त्यांच्याजवळच्या पायरीवर बसल्या. चष्मा पदराने पुसला, कोरडा झाला नाही, तरी तसाच त्यांच्या नाकावर चढवला. "हे कधीपासून?"

"काय?"

"उगाच वेड पांघरू नका. हा श्वास धरणं."

शरच्चंद्रराव धापा टाकत म्हणाले, "लग्न झाल्यावर तू आईची वाटी काढायला पहिल्यांदा उतरलीस ना, तेव्हापासून. ठरवून नाही धरत. तू खाली गेलीस की थांबतोच. वर आलीस की सुटतो."

"म्हणजे त्या दिवशी साहेबांसमोर... आणि मी समजले तुम्ही रागावलात!"

"दम संपत आला होता गं. तू सत्ताविसापर्यंत राहतेस. माझा चोविसाला संपतो. पुढचे तीन पाढे फार वाईट जातात. म्हणून तर ते भस्त्रिकेचं शिकलो."

"आणि ग्वाल्हेरला असता तेव्हा?"

"तिथे तर पंचाईतच." त्यांनी चष्मा सारखा केला. "तू केव्हा उतरतेस ते कळत नाही. मग फाइल बघता बघता अधूनमधून धरतो, आपला अंदाजाने."

काकूंना हसू आलं आणि हसता हसता रडूच कोसळलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग एवढी वर्षं बोलला का नाहीत? शोभत नाही काय, साहेब काय!" शरच्चंद्रराव एवढं बोलले होते तेच त्यांना वर्षभर पुरण्यासारखं होतं.

पुढे बुडीकाकू पुष्कळ वर्षं कळशा काढत राहिल्या. पण चोविसाच्या पाढ्यापुढे त्या कधी खाली राहिल्या नाहीत. वस्तू हाताला लागो न लागो, चोवीस आला की वर. पायरीवर बसायचं, काठावरचा श्वास जागेवर आला की पुन्हा उतरायचं. आणि ग्वाल्हेरच्या महिन्यांसाठी दोघांनी वेळ ठरवून टाकली. सकाळी दूध तापलं की, दफ्तरं उघडायच्या आधी. कळशी दुपारी पडो नाहीतर संध्याकाळी, निघायची ती दुसऱ्या दिवशी सकाळीच. शारदाबाई कुरकुरायच्या, पण काकू ऐकायच्या नाहीत.

गल्लीत लोक म्हणायचे, वय झालं, काकूंचा दम आता पहिल्यासारखा राहिला नाही. काकू म्हणायच्या, "हो बाई, चोविसाला संपतो."